सिंहाच्या तोंडातली वाम

थेमेलीनाने बादली फरशीवर अशी आपटली, की रांगेतल्या सगळ्या बायकांच्या गप्पा बंद पडल्या. तिला नेमकं तेच हवं होतं.

शुक्रवारची सकाळ होती. पालिओस्काला या ग्रीक बेटावरच्या गावात, चर्चपुढच्या चौकात, टाक्याच्या तोंडाशी, पाण्याची रांग लागली होती. थेमेलीनाचे आजोबा, साकेलारिस, एका हाताने आरसा धरून उन्हाचा कवडसा खाली टाक्यात पाडत होते आणि दुसऱ्या हाताने गाठी मारलेला दोर आत सोडत होते. सगळं गाव त्यांना बार्बा म्हणायचं, कारण म्हातारा खलाशी हा सगळ्यांचाच काका असतो. टाक्याची किल्ली एकतीस वर्षं त्यांच्याकडे होती आणि एकतीस वर्षं दर शुक्रवारी गावाने हा आरसा आणि हा दोर पाहिला होता. दोर वर आला. चार गाठी ओल्या होत्या. गेल्या शुक्रवारी सहा होत्या, त्याच्या आधी आठ.

"चार," आजोबा म्हणाले आणि दोर गुंडाळायला लागले.

ऑगस्ट नुकता लागला होता. पाऊस यायला ऑक्टोबर उजाडणार. दोनशे माणसं आणि सणाला येणारे पाहुणे चार गाठींवर कसे भागवायचे, याची धास्ती रांगेतल्या प्रत्येकीच्या तोंडावर दिसत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी वाक्य टाकलं. कोण बोललं ते कळलं नाही. असली वाक्यं बोलणारे नेहमी दुसऱ्याच्या पाठीमागेच उभे असतात.

"किल्ली ज्याच्या खिशात, पाणी त्याच्या घशात."

दोघी-तिघी हसल्या आणि तेव्हाच ती बादली आपटली गेली.

"कोण बोललं?" थेमेलीनाने विचारलं. तेरा वर्षांच्या मुलीचा आवाज एवढा मोठा निघू शकतो, हे तिलाही माहीत नव्हतं. आजोबांनी तिच्याकडे न बघताच हाताने गप्प राहायची खूण केली आणि पहिल्या बाईची बादली भरून दिली.

रोज घरटी दोन बादल्या, असा नियम होता. आजोबांनी एकतीस वर्षांत तिसरी बादली कधी घेतली नव्हती. थेमेलीनाला हे पक्कं माहीत होतं, कारण उन्हाळाभर तिचे केस आठवड्यातून एकदाच धुतले जायचे आणि त्यावरून शाळेत तिला चिडवलं जायचं. त्या आजोबांना लोक पाणीचोर म्हणत होते! चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. या गावाला अजून जुन्या श्रीमंतीचा माज आहे. एके काळी इथल्या समुद्रतळातून काढलेला स्पंज आलेक्झांड्रियाला, ओडेसाला, पार लंडनला जायचा. व्यापाऱ्यांनी बंदरापासून डोंगरापर्यंत पायऱ्या पायऱ्यांनी हवेल्या चढवल्या आणि त्यांतल्या सात जणांनी मिळून चौकाखाली हे टाकं खोदलं, गावासाठी आणि जहाजांची पिंपं भरण्यासाठी. पुढे व्यापार बुडाला, माणसं पांगली, हवेल्यांची छपरं बसली. टाकं तेवढं शाबूत राहिलं. पण गावातला माणूस अजून बोलतो असा, की जणू उद्या सकाळी त्याचंच जहाज लंडनहून परत येणार आहे. आणि हवेलीवाला कुणी दिसला, की याची मान आपोआप वाकते.

म्हणूनच गावचे अध्यक्ष फोतिस चौकात आले, तेव्हा निकीतास हालारिसला पुढे चालू देऊन स्वतः एक पाऊल मागून आले.

निकीतास सात व्यापाऱ्यांपैकी एकाचा पणतू. जन्म अथेन्सचा, वाढला अथेन्सात. दोन वर्षांपूर्वी येऊन त्याने पणजोबांच्या हवेलीचं हॉटेल केलं. अंगणात काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी होती, दीडशे वर्षांची. ती त्याने फोडली आणि तिथे पोहण्याचा तलाव खणला. तेव्हाही गाव काही बोललं नाही.

फोतिसनी घसा खाकरून जाहीर केलं, की रविवारी चर्चनंतर इथेच सभा होईल. पाणी कुठे गेलं ते बार्बांनी सांगावं, नाहीतर किल्ली खाली ठेवावी. मग निकीतास पुढे झाला. त्याचा आवाज मधात बुडवल्यासारखा होता. तो म्हणाला, की बार्बांबद्दल त्याला फार आदर आहे, पण माणसाचं वय होतं, झाकण उघडं राहतं, कधी रात्री एखादी बोट येते, मोह होतो. गावाची हरकत नसेल तर किल्ली तो सांभाळेल. त्याच्या हॉटेलचं पाणी काय, दर गुरुवारी पाण्याच्या जहाजाने येतं, त्यामुळे त्याला टाक्याचा लोभ नाही.

लोकांनी माना डोलावल्या. थेमेलीना आजोबांकडे बघत राहिली. आता ते काहीतरी बोलतील, ओरडतील, निदान काठी तरी आपटतील. आजोबांनी झाकणाला कुलूप घातलं आणि तिला म्हणाले, "कप्तानीण सलग दुसऱ्या शुक्रवारी दिसली नाही. पहिल्यांदाच असं झालंय."

कप्तानीण म्हणजे टाक्यातली वाम, सापासारखा लांबडा मासा. पाण्यातले किडे, अळ्या खायला प्रत्येक टाक्यात एक वाम सोडलेली असते. ही थेमेलीनाच्या आईच्या लग्नाआधीपासून इथे होती. तिचा एक डोळा पांढरा होता आणि शेपटीचा पंखा एका बाजूला फाटलेला. आरशाचं ऊन पाण्यावर पडलं, की ती वर येऊन तोंड काढायची. माणसं चोर म्हणतायत आणि यांना वामेची पडलीय! थेमेलीनाला आजोबांचाही राग आला.

*

दुपारी बेकरीमागच्या सावलीत तिघं पाय पसरून बसली होती. थेमेलीना, तिचा मावसभाऊ मिकेस आणि शेजारचा पानोर्मितिस. मिकेस अकरा वर्षांचा, सुट्टीपुरता अथेन्सजवळच्या पिरेअसहून आलेला आणि सदा काहीतरी खात असलेला. आत्ता त्याच्या हातात अंजिरं होती. पानोर्मितिस थेमेलीनाच्याच वर्गातला. त्याची आई सेवास्ती निकीतासच्या हॉटेलात स्वयंपाक करायची.

थेमेलीना दगड उचलून समोरच्या भिंतीवर मारत होती. तिला हसवावं म्हणून पानोर्मितिसने हॉटेलातली ताजी बातमी काढली. आज सकाळी तलावात साप निघाला होता. पोहत असलेल्या एका पाहुणीने अशी किंकाळी फोडली, की आईच्या हातातली आमटीची वाटी पडली. निकीतासने जाळीच्या दांडक्याने साप ठेचला आणि पाहुण्यांना आइस्क्रीम फुकट दिलं.

"आणि निघाला कुठून माहितेय? सिंहाच्या तोंडातून," पानोर्मितिस म्हणाला. "सिंहाने सापाची गुळणी टाकली."

मिकेस खिदळला. थेमेलीनाच्या हातातला दगड तसाच राहिला. हवेलीच्या अंगणात भिंतीवर संगमरवरी सिंहाचं तोंड होतं. त्यातून अख्खा दिवस तलावात पाण्याची धार पडायची. निकीतास पाहुण्यांना सांगायचा, की हा डोंगरातला झरा आहे. गावाला सांगायचा, की मोटर तलावातलंच पाणी वर चढवते आणि सिंहातून परत खाली सोडते.

"तुझ्या आईने पाहिला तो साप?" तिने विचारलं.

"ती स्वयंपाकघरात होती. तिने फक्त किंकाळी ऐकली."

"कुठे टाकला?"

मागच्या गल्लीतल्या कचऱ्याच्या पेटीत टाकला होता. दुपारची झोपेची वेळ होती. त्या वेळात गावात मोठ्याने बोलणंसुद्धा गुन्हा असतो, त्यामुळे गल्लीत कुत्रंही नव्हतं. पानोर्मितिसने पेटीत वाकून हॉटेलच्या एका ओल्या टॉवेलची गुंडाळी वर काढली. थेमेलीनाने ती उलगडली.

एक डोळा पांढरा होता. शेपटीचा पंखा एका बाजूला फाटलेला होता. डोकं ठेचलेलं होतं.

थेमेलीना रडली, पण ते दुःखाचं रडणं नव्हतं. तिच्या मुठी वळलेल्या होत्या आणि दातांवर दात घट्ट बसले होते. या बेटावर तीन वर्षांच्या पोराला दाखवा, ते सांगेल ही वाम आहे आणि वाम टाक्यात असते. हवेलीवाल्या पणतूला तेवढंही कळू नये! जिने गावाचं पाणी तीस-चाळीस वर्षं राखलं, तिला साप म्हणून ठेचली आणि टॉवेलात गुंडाळून फेकून दिली.

"पण ती कुलपातून बाहेर आली कशी?" मिकेसने विचारलं. अंजीर खायचं तो विसरला होता.

"तेच तर," थेमेलीना नाक पुसत म्हणाली. "मोटर तलावातलं पाणी फिरवत असेल, तर तलावात वाम नसताना सिंहाच्या तोंडातून वाम येईल कुठून? सिंहाच्या मागे आपलं टाकं आहे. हवेली चौकाच्या खालच्या अंगाला आहे. पाणी आपसूक उतरतंय. कप्तानीण इतके दिवस त्या वाटेतच अडकली असेल."

पानोर्मितिसने हळूच शीळ घातली. मग त्याचा चेहरा उतरला, कारण हे निकीतासच्या कानावर गेलं तर त्याच्या आईचं काम जाणार होतं. त्याने तसं बोलूनही दाखवलं. थेमेलीना त्याला म्हणाली, की त्याने हवं तर आत्ता घरी जावं, ती रागावणार नाही. तो गेला नाही. फक्त म्हणाला, की रागावणार नाही हे ती ज्या आवाजात म्हणाली तो ऐकून जायची हिंमतच होईना.

तिघं टॉवेल घेऊन सरळ अध्यक्षांच्या घरी गेली. मोठ्या माणसांचं काम मोठ्या माणसांना सांगावं, असं शाळेत शिकवतात ना? फोतिस झोपायच्या बेतात होते. दार अर्धंच उघडून त्यांनी सगळं ऐकलं, टॉवेलाकडे पाहून नाक मुरडलं आणि म्हणाले, की मेलेला मासा कुणीही कुठेही आणून टाकू शकतो. कदाचित बार्बांनीच वाम विकली असेल. निकीतास हालारिस सभ्य माणूस आहे आणि त्याच्या हॉटेलात त्यांनी कालच जेवताना सिंहाची धार पाहिली आहे. ती मोटरच आहे, निकीतासने स्वतः सांगितलं.

"मोटरचा आवाज ऐकलात?" मिकेसने विचारलं.

"लोकांच्या झोपेच्या वेळी दारं ठोठावू नयेत, एवढंही पिरेअसला शिकवत नाहीत वाटतं," फोतिस म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

रविवार दोन दिवसांवर होता. किल्ली एकदा निकीतासच्या खिशात गेली, की भोक कुठे आहे हे कुणालाच कधी दिसणार नव्हतं आणि आजोबा मरेपर्यंत पाणीचोर राहणार होते.

*

शनिवारी दुपारी आजोबा झोपले तेव्हा थेमेलीनाने खिळ्यावरची किल्ली काढली. चोरी म्हणा हवं तर. तिला त्या वेळी काही वाटलं नाही.

टाक्यात उतरायची तिला भीती नव्हती. दर सप्टेंबरात पाणी तळाला गेलं, की टाकं घासायला ती आजोबांबरोबर उतरायची, आधी पाय स्वच्छ धुऊन. तोंड एवढं अरुंद होतं, की मोठ्या माणसाला आत शिरताना खांदे आखडावे लागायचे. भिंतीत पाय ठेवायला खाचा होत्या. पानोर्मितिसने तिच्या कमरेला बांधलेला दोर धरला, मिकेसने आरसा. बाहेर चौक रणरणत होता आणि सगळ्या खिडक्या बंद होत्या.

पाणी छातीपर्यंत आलं आणि इतकं गार होतं, की तिचा श्वासच अडकला. मिकेस आरसा हलवून कवडसा भिंतीवरून फिरवत होता. ती समुद्राच्या बाजूच्या भिंतीला धरून पायाने चाचपत निघाली. दहा-बारा पावलांवर अंगठ्याला काहीतरी लागलं. ती बुडी मारून चाचपायला लागली. संगमरवराचं गोल बूच होतं, भाकरीएवढं, लोखंडी कडी बसवलेलं. ते तळाशी पडलं होतं. त्याच्या वर भिंतीत भोक होतं. तिने हात जवळ नेला आणि पाण्याने तो आत खेचला. भोकाच्या तोंडाशी तारेची जाळी होती, पण एका कोपऱ्यात फाटून लोंबत होती.

वर येऊन तिने सगळं सांगितलं. तोंडातून शब्द नीट निघत नव्हते, थंडीमुळे आणि रागामुळे. जहाजांची पिंपं भरायची ही जुनी वाट होती. ती सिंहाच्या तोंडात निघायची आणि खलाशी तिथे पिंपं लावायचे. जहाजं संपली तेव्हा शहाण्या माणसांनी तिला बूच मारलं. गाव विसरलं. निकीतासला घरातल्या कुठल्या तरी जुन्या कागदात ती सापडली असणार. त्याने आपल्या बाजूने सळई घालून बूच आत ढकलून दिलं होतं.

मिकेसला लगेच कल्पना सुचली. टाक्यात कपड्यांची नीळ ओतायची, मग तलाव निळा होईल.

"दोनशे माणसं पितात हे पाणी," थेमेलीना अशी बोलली, की तो आरशासकट एक पाऊल मागे सरला.

"मग तुझ्या आजोबांना उठवू," पानोर्मितिस म्हणाला.

तिने मान हलवली. आजोबा आत्ता काठी टेकत निकीतासच्या दारात जातील. निकीतास हसेल आणि संध्याकाळपर्यंत आपल्या बाजूने भिंत लिंपून टाकेल. मग म्हणेल, कुठलं भोक? नाही, निकीतासने स्वतःच्या तोंडाने बोलायला हवं होतं आणि तेही सगळ्यांसमोर. त्यासाठी आज धार बंद व्हायला हवी होती. बूच परत बसवून उपयोग नव्हता. त्याने सळईने ते पुन्हा ढकललं असतं.

"ढकलल्यावर निघणार नाही असं काहीतरी हवं," ती म्हणाली. आणि पुढच्याच क्षणी तिला कळलं, की ती कुठल्या गावात उभी आहे.

आजोबांच्या पेटीत त्यांनी स्वतः तळातून काढलेले दोन स्पंज होते, व्यापाऱ्यांच्या यंत्रात दाबलेले. लंडनला जायच्या गोण्यांत जास्त माल मावावा म्हणून स्पंज असे दाबत, की डोक्याएवढा स्पंज मुठीएवढा व्हायचा. कोरडा असेपर्यंत तो लाकडासारखा कडक असतो. पाणी लागलं, की पाच मिनिटांत मूळपदावर येतो आणि मग त्याला अडवणारा कुणी जन्माला आलेला नाही. पानोर्मितिस पळत जाऊन दोन्ही घेऊन आला, आणि त्यांच्याबरोबर आजोबांच्या जुन्या पाणबुड्याच्या पोशाखाच्या रबरी बाहीचा तुकडाही. मिकेस तोंडाशी दोर धरून बसला.

थेमेलीनाने स्पंज रबरी बाहीत कोंबले. एक मोठा श्वास घेऊन ती खाली गेली आणि बाही भोकात दोन्ही हातांनी सारली. खांदा लावला, गुडघा लावला. जाळीची तार दंडाला लागून रक्त आलं. वर येऊन श्वास घेतला, परत खाली गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा बाही फुगून भोकात गच्च बसली होती आणि पाणी हात ओढत नव्हतं.

ती वर आली तेव्हा ओठ काळेनिळे पडले होते. तिने कुलूप घातलं आणि आजोबा उठायच्या आत किल्ली खिळ्यावर लावली. दंडाची जखम तिने बाह्या लांब असलेल्या सदऱ्याखाली लपवली. ऑगस्टात लांब बाह्या बघून आजोबांनी विचारलं, ताप आहे का? ती म्हणाली, डोकं तापलंय.

संध्याकाळी पानोर्मितिस हॉटेलातली बातमी घेऊन आला. सिंह कोरडा पडला होता. निकीतास सळई घेऊन त्याच्या तोंडात खुपसत होता, सिंहाचे दात काढत असल्यासारखा, आणि पाहुणे फोटो काढत होते. तिघं पोट धरून हसली. थेमेलीनाला दोन आठवड्यांत पहिल्यांदाच हसू आलं होतं. पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण आजोबा आत बसून उद्यासाठी काळा कोट ब्रशने झाडत होते. तो कोट त्यांनी आजीच्या अंत्ययात्रेनंतर अंगात घातला नव्हता.

*

रविवारी चर्चची घंटा थांबली आणि चौक भरला. मेजावर किल्ली ठेवलेली होती. आजोबा मेजापाशी उभे होते. त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती. थेमेलीनाने कॉफीच्या दुकानातली एक खुर्ची फरफटत आणली, दगडी फरशीवर मुद्दाम जास्तीत जास्त आवाज करत, आणि त्यांच्या मागे ठेवली. आजोबा बसले नाहीत.

फोतिसनी सुरुवात केली. शब्द गोड होते, पण अर्थ एकच होता. कुलूप एक, किल्ली एक, पाणी गेलं, तर चोर कोण? "बार्बा साकेलारिस, याचं तुमच्याकडे काही उत्तर आहे?"

"मी पाणी नेलेलं नाही," आजोबा म्हणाले. "याहून जास्त माझ्याजवळ काही नाही. एकतीस वर्षं ज्यांनी मला पाहिलं त्यांना ते पुरत नसेल, तर किल्ली ही तिथे आहे."

लोक आपापल्या बुटांकडे बघत होते. थेमेलीनाला एकेकाला गदागदा हलवावंसं वाटत होतं. तिचं लक्ष खालच्या पायऱ्यांकडे होतं. निकीतास अजून आला नव्हता. तो आलाच नाही तर? तो धूर्तपणे गप्प बसला तर? तिने पानोर्मितिसकडे पाहिलं. तोही पायऱ्यांकडेच बघत होता.

आणि तो आला. पायऱ्या दोन-दोन चढत, धापा टाकत. एका गालाची दाढी झालेली होती आणि दुसऱ्या गालावर साबण वाळून पापुद्रे धरले होते. त्याच्या मागे खालच्या रस्त्यावरून पाहुणे बॅगा ओढत बंदराकडे निघाले होते. एवढ्या माणसांसमोर आपण काय बोलतोय हे त्याला कळत नव्हतं. रागाने माणूस आंधळा होतो म्हणतात. हा बहिरासुद्धा झाला होता.

"या म्हाताऱ्याने माझं पाणी तोडलंय!" तो आजोबांवर बोट रोखून ओरडला. "कालपासून थेंब नाही! तळघराची टाकी रिकामी झाली, पाहुणे चाललेत. उघडा ते झाकण आणि काढा जे काही कोंबलंय ते!"

आजोबांना खरंच काही समजलं नाही. त्यांनी भुवया वर केल्या.

"कुठलं पाणी?" त्यांनी विचारलं. "तुझं पाणी तर जहाजाने येतं ना, पोरा?"

निकीतासने तोंड उघडलं आणि मिटलं. साबणाचा एक पापुद्रा गळून त्याच्या शर्टावर पडला.

फोतिस काहीतरी सारवासारव करायला उठले. पण पानोर्मितिसची आई सेवास्ती गर्दीतून पुढे आली. दोन्ही हात कमरेवर ठेवून तिने सांगितलं, की जूनपासून गुरुवारी पाण्याचं जहाज हॉटेलपाशी एकदाही थांबलेलं नाही. मोटर तिने कधी पाहिली नाही आणि ऐकली नाही. आपण विचारायला हवं होतं, विचारलं नाही, कारण पगाराची भीती वाटली. मग तिने निकीतासकडे वळून, तो काढून टाकायच्या आत, काम सोडल्याचं सांगितलं.

मग मिकेस बर्फाची पेटी घेऊन आला. बेकरीवाल्याकडून ती त्याने कशी मिळवली हे त्याने कधीच सांगितलं नाही. थेमेलीनाने टॉवेल उलगडून कप्तानीण किल्लीशेजारी ठेवली. टॉवेलावर हॉटेलचं नाव विणलेलं होतं. म्हाताऱ्या बायकांनी छातीवर क्रूस काढला. थेमेलीनाने सगळं सांगितलं, भोक, बूच, जाळी, स्पंज. दोन धडधाकट कोळी टाक्यात उतरले आणि बूच वर घेऊन आले. भोकात काय बसलंय ते काढायचा प्रयत्न त्यांनी केला, पण ते जागचं हललं नाही.

लोकांना आता निकीतासचा इतका राग आला, की फोतिसना मध्ये उभं राहावं लागलं. ज्याला परवापर्यंत माना डोलावत होते त्यालाच आता समुद्रात बुडवायला निघाले. सोमवारी मोठ्या बेटावरून पोलीस आले, हॉटेलला कुलूप लागलं आणि निकीतास अथेन्सच्या बोटीत बसला. पण ते नंतरचं. त्या रविवारी निकीतास पायऱ्यांवरून पळाला आणि फोतिसचा चेहरा लगेच उजळला. त्यांनी तिन्ही मुलांना मेजावर उभं केलं आणि भाषण ठोकलं. आमची शूर मुलं, सात व्यापाऱ्यांचं खरं रक्त, गावाची शान! सणाच्या दिवशी त्यांचा सत्कार होईल. लोक टाळ्या वाजवायला लागले.

"थांबा," थेमेलीना म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

"आमचं कौतुक नंतर करा. आधी त्यांना सांगा." तिने आजोबांकडे बोट दाखवलं. "ज्या आवाजात चोर म्हणालात त्याच आवाजात."

फोतिस हसले, लहान मुलाच्या हट्टाला हसतात तसे. कुणीच साथ दिली नाही, तेव्हा हसू आटलं. त्यांनी टोपी काढली आणि पुटपुटले, की बार्बा, आमचं जरा चुकलं.

"मोठ्याने," थेमेलीना म्हणाली. "आणि जरा नाही."

"बार्बा साकेलारिस, आम्ही तुम्हाला चोर म्हणालो," फोतिस मोठ्याने म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "ते खोटं होतं. चूक आमची होती."

गर्दीतून एक बाई पुढे आली. ती आजोबांची सख्खी मेहुणी कालिरोई होती. घशाचं ते वाक्य आपण बोललो, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं आणि ती तोंडावर पदरासारखा रुमाल धरून उभी राहिली. मग एकेक जण येऊन आजोबांचा हात हातात घेऊ लागला. आजोबा प्रत्येकाला मान देत होते, पण हसत नव्हते. किल्लीही त्यांनी लगेच उचलली नाही. आधी म्हणाले, की हिच्यासारखी दुसरी किल्ली करून घ्या आणि ती अध्यक्षांच्या घरी राहू दे, म्हणजे पुढच्या वेळी पाणी कमी झालं तर शिव्या दोघांत वाटून घेता येतील.

मग ते थेमेलीनाकडे वळले. लोक बाजूला झाले. आता ते नातीला मिठी मारतील म्हणून बायकांनी डोळे पुसायची तयारी केली. आजोबांचे ओठ घट्ट मिटले होते.

"टाक्यात उतरलीस?"

"हो."

"भरल्या टाक्यात? मला न सांगता?"

"हो," ती म्हणाली. आता तिला पहिल्यांदाच भीती वाटली.

आजोबांनी तिच्या लांब बाहीवर उमटलेला रक्ताचा डाग पाहिला, मग तिच्या डोळ्यांत पाहिलं. "पाय धुऊन उतरलीस का?"

"तीनदा धुतले," थेमेलीना म्हणाली. "साबण लावून. मिकेसचेही धुवायला लावले, आणि तो तर उतरलासुद्धा नाही."

आजोबांनी मान डोलावली. मग ते एकदम खाली बसले, तिने आणून ठेवलेल्या त्या खुर्चीत, आणि हातांच्या ओंजळीत तोंड लपवून रडले. थेमेलीना त्यांच्या शेजारी उभी राहिली. तिने लोकांकडे असं पाहिलं, की सगळे गुपचूप आपापल्या बादल्या आणायला घरी गेले.